बारा किलो मीठ

लखनौत चढ नाही. हे वाक्य मी गेली तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते आहे आणि त्यात तक्रार आहे हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. इथल्या माणसाला वाटतं, चढ नाही म्हणजे चांगलंच की, रिक्षावाल्याचा दम वाचतो. पण मी साताऱ्याची. आमच्या मागच्या दारातून अजिंक्यतारा दिसायचा, आणि गणितात नापास झालेली, आईशी भांडलेली किंवा नुसतीच कंटाळलेली मुलगी वर नाही जाणार तर कुठे जाणार! लग्न होऊन मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला विचारलं होतं, "इथे चढायला काय आहे?" त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, "पाण्याची टाकी आहे. पण वर जायला परवानगी लागते."

तर हा माझा नवरा हणमंत. तोंडाने मी त्याला 'अहो' म्हणते, मनात आणि कागदावर हणमंत. एवढी सूट एकतीस वर्षांच्या संसारानंतर मला मिळायला हवी.

हणमंत रेल्वेच्या संशोधनाच्या कामात आहे. नवा डबा तयार झाला की तो आधी ह्याच्यासारख्या माणसांच्या हाताखालून जातो. डबा वेगवेगळ्या वेगाने पळवतात, वळणांवर नेतात, किती हलतो, किती झुकतो ते मोजतात. त्या सगळ्या दिवसांत डब्यात प्रवासी नसतात. माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती असतात. पोती सुखरूप फिरून आली की मग माणसं. हे फार चांगलं आहे, देशाच्या दृष्टीने. घरात मात्र असा माणूस नाकी नऊ आणतो. आमच्या देवयानीसाठी पलंग आणला तेव्हा पहिले तीन दिवस त्यावर लोखंडी ट्रंका झोपल्या होत्या. पोरगी जमिनीवर, ट्रंका गादीवर.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची एक रक्तवाहिनी बंद पडली. डॉक्टरांनी स्टेंट घातला, चौथ्या दिवशी मी घरी आले, महिन्याभरात भाजी आणायला जाऊ लागले. डॉक्टर खूश, मी खूश. हणमंत मात्र तेव्हापासून मला लोणच्याच्या बरणीसारखं वागवायला लागला. बादली उचलायची नाही, गादी झटकायची नाही, अमीनाबादच्या गर्दीत जायचं नाही. कुठे जिना दिसला की मी पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आत ह्याचा हात माझ्या पाठीला. मला राग यायचा, आणि रागावले की तो म्हणायचा, "रागावू नको, बीपी वाढेल." आता ह्यावर माणसाने काय करायचं?

ऑक्टोबरात एका रविवारी देवयानीचा बंगळूरहून व्हिडिओ कॉल आला. ती आमची एकुलती एक. लखनौत जन्मली, लखनौत वाढली, मराठी सगळं कळतं आणि उत्तर हिंदीत देते.

"आई, फ़रवरी में श्रीलंका चलोगी? पहाड़ों में। पैदल।"

तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणाले. हणमंतने टीव्ही बंद केला.

तिने पाठवलेले व्हिडिओ मी त्या आठवड्यात किती वेळा पाहिले ते सांगत नाही. चहाच्या मळ्यांमधून जाणाऱ्या पायवाटा. मधेच एखादा ओढा, त्यावर दोन फळ्या टाकलेल्या. पुढे वाट जंगलात शिरते, तिथे झाडांच्या खोडांना शेवाळ लटकलेलं आणि ढग झाडांमधून इकडून तिकडे जाताहेत. आणि ह्या सगळ्याच्या वर, सात हजार फुटांवर, एक मोठं गवताळ पठार, हॉर्टन प्लेन्स. तिथे साडेनऊ किलोमीटरची एक गोल वाट आहे. त्या वाटेवर एके ठिकाणी जमीन संपते आणि खाली अडीच-तीन हजार फूट सरळ कडा. त्या जागेचं नाव वर्ल्ड्स एंड.

"जगाचा शेवट?" हणमंतने चष्मा काढला. "देवयानी, दुसरं काही नाव असलेली जागा नाही का त्या देशात?"

"बाबा, नाम है यार, बस।"

"बघू," तो म्हणाला. रेल्वेत बघू म्हणजे नाही म्हणायच्या आधीची पायरी.

मला ते इतकं हवं होतं की माझी मलाच लाज वाटत होती. सत्तावन्न वर्षांची बाई, आणि रात्री डोळे मिटले की पायाखाली चढ. पण त्यात नुसती हौस नव्हती. स्टेंटनंतर सगळे मला सांगत होते की तू बरी झालीस. रिपोर्ट सांगत होते, डॉक्टर सांगत होते, साताऱ्याहून बहीण फोनवर सांगत होती. मला स्वतःला ते अजून पटलेलं नव्हतं. सपाट जमिनीवर हळूहळू चालणारी बाई बरी आहे की नाही, हे कुणाला कळणार? ते मला चढावरच कळणार होतं.

डॉक्टरांकडे गेलो. ट्रेडमिलवर चालवलं, तारा लावल्या, कागद काढले. डॉक्टर म्हणाले, "आराम से जाइए मैडम। अपनी रफ़्तार से चलिए, बस।" मी जिंकले असं वाटून हणमंतकडे पाहिलं, तर त्याच्या कपाळावर आठ्या.

घरी येताना ऑटोत तो म्हणाला, "ट्रेडमिलवर मुळं नसतात. निसरडं नसतं. तिथे ती नर्स बटण दाबून पट्टा थांबवू शकते. डोंगर कोण थांबवणार?"

"मग तुम्ही घ्या माझी ट्रायल."

"घेणारच आहे. पण तुला न चढवता."

"मला न चढवता माझी ट्रायल कशी होईल?"

"बघू."

देवयानी माझ्यावर गेली आहे. तिने तिघांची तिकिटं काढून टाकली आणि बाबांना सांगितलं की एक जानेवारीपर्यंत रद्द करता येतात. म्हणजे हणमंतला निकाल द्यायला दोन महिने मिळाले. नोव्हेंबरभर तो गप्प होता. मी हज़रतगंजात जाऊन बूट घेऊन आले, खोक्यासकट कपाटात ठेवले. त्याने खोकं पाहिलं, नंबर बरोबर आहे का विचारलं, आणि पुन्हा गप्प.

डिसेंबरात धुकं पडायला लागलं. लखनौचं धुकं पडलं की समोरच्या क्वार्टरचा दिवासुद्धा दिसत नाही. अशा धुक्यात हणमंत रोज सकाळी साडेसहाला बाहेर पडू लागला. वॉकला जातो म्हणाला. मला बरं वाटलं. पाच महिन्यांनी रिटायर होणार, जरा सवय लागलेली बरी. तो यायचा तेव्हा थंडीतही घामाने थबथबलेला असायचा, तेही मला बरंच वाटलं. मी बावळट.

मग एका दुपारी किराणा आणायला गेले तर दुकानदार गुप्ताजी हसत म्हणाले, "भाभी जी, अचार की फ़ैक्टरी डाल रही हैं क्या?"

"का हो?"

"साहब बारह किलो नमक ले गए हैं। बारह पैकेट।"

घरात तर मिठाचं एकच पाकीट होतं, तेही अर्धं. मी सगळी कपाटं पाहिली. मीठ कुठेही नव्हतं. हणमंतला विचारणार होते, पण त्याच संध्याकाळी शेजारची नीलम आली. नीलमचा नवराही रेल्वेतलाच, बारा वर्षांचा शेजार, आणि तरी तिची बोलण्याची रीत अशी की वाईट बातमीसुद्धा आधी खुर्चीवर बसवून मग सांगेल. दोन कप चहा झाला. मुळ्याच्या पराठ्यांवर बोलून झालं. मग म्हणाली,

"भाभी, बुरा मत मानिएगा। भाईसाहब की तबीयत तो ठीक है न?"

"का? काय झालं?"

"रोज़ सुबह स्टेशन वाले पुल पर चढ़ते-उतरते हैं। पीठ पर बिटिया का स्कूल वाला बैग, मुँह पर मफ़लर कसा हुआ। दस-दस, बारह-बारह बार। हमारे ये ड्यूटी पर जाते हुए रोज़ देखते हैं, नमस्ते करते हैं तो जवाब भी नहीं देते।"

मी कपाळाला हात लावला. पहिला विचार हाच आला की रिटायरमेंट जवळ आली आणि माणसाचं डोकं फिरलं. त्या रात्री मी काही बोलले नाही. सकाळी तो बाहेर पडला, मी दहा मिनिटं थांबले, शाल गुंडाळली आणि मागोमाग गेले.

आमच्या स्टेशनचा पूल अठ्ठेचाळीस पायऱ्यांचा. धुक्यात तो अर्धाच दिसत होता, वरचा भाग नव्हताच. चोविसाव्या पायरीवर जिना थोडा सपाट होतो, तिथे हणमंत बसला होता. पाठीवर देवयानीची निळी बॅग, नाकातोंडावर मफलरचे दोन वेढे, डाव्या गुडघ्यावर पँटच्या वरून क्रेप बँडेज. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर आणि डोळे घड्याळावर.

"अहो," मी खालून हाक मारली.

तो दचकून उठायला गेला आणि बॅगेच्या ओझ्याने परत खाली बसला.

"काय चाललंय हे?"

"वॉक."

"बॅगेत काय आहे?"

त्याने बॅगेचा पट्टा सारखा केला. "मीठ."

"बारा किलो?"

"वजन तुझं एकाहत्तर, माझं एकोणसाठ," तो मफलरच्या आतून म्हणाला. आकडा अर्धवट सोडणं त्याला कधी जमलं नाही.

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा मी तिथेच पायरीवर बसले. हा माणूस माझ्या वजनाचा होऊन जिना चढत होता.

"आणि मफलर?"

"तुझ्या रिपोर्टात हृदयाचं पंपिंग पन्नास टक्के आहे. माझं साठ. तेवढा श्वास कमी मिळायला काहीतरी हवं ना." मग स्वतःच गुडघ्याकडे बोट दाखवलं. "डावा गुडघा तुझा दुखतो. म्हणून हा बांधला. वाकायला नको."

"अहो, पण हे असं असतं का? मफलर बांधून तुमचं हृदय माझं होतं का?"

"अगदी तसं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण जवळपास. बारा फेऱ्यांमध्ये नाडी एकशे अठ्ठावीसच्या वर गेली नाही, वीणा. आणखी एक आठवडा असंच राहिलं तर..."

"तर मी श्रीलंकेला जायचं?"

"तर तू एकदा हा पूल चढून बघायला हरकत नाही."

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं, आणि त्यातून जो राग आला तो काही विचारू नका. म्हटलं, "एकतीस वर्षं झाली, माझं काही करायचं म्हटलं की तुम्ही आधी माझ्या जागी पोतं ठेवता. आता तर स्वतःच पोतं झालात! तुमच्या पाठीवर बारा किलो मीठ आहे, अहो. मी नाही. मी इथे आहे, खाली, शालीत. मिठाला वर जावंसं वाटत नाही. मला वाटतं."

आणि मी उठले आणि चढायला लागले.

"वीणा! वीणा, थांब! हळू!"

मी हळूच चढत होते. मला काही दाखवायचं नव्हतं. दहाव्या पायरीला गुडघा कुरकुरला. विसाव्याला श्वास ऐकू यायला लागला. चोविसाव्या पायरीवर हणमंतच्या अंगावरून पुढे गेले, त्याने शालीचं टोक धरलं, मी सोडवून घेतलं. तिसाव्याला थांबले, कठडा धरला, हातांना लोखंड गार लागलं. छातीत धडधड होती, पण ती ओळखीची होती. अजिंक्यताऱ्याच्या दुसऱ्या वळणावर व्हायची तीच. मग उरलेल्या पायऱ्या कधी संपल्या कळलंच नाही. वर काही नव्हतं, नुसतं धुकं, खाली रूळसुद्धा दिसत नव्हते, कुठलीशी मालगाडी भोंगा देत होती. आणि मी त्या पुलावर एकटी उभी राहून मोठमोठ्याने हसत होते.

तेवढ्यात खालून आवाज आला. आधी धप्प, मग काहीतरी फुटल्याचा.

माझ्यामागे धावताना, मी मागे पडले तर धरायला दोन्ही हात पुढे करून, पाठीवर बारा किलो मीठ घेऊन, हणमंत दवाने ओल्या पायरीवरून घसरला होता. बॅगेची चेन तुटली होती, पाकिटं फुटली होती आणि आठ-दहा पायऱ्यांवर मीठ पसरलं होतं. त्यात तो बसला होता, डावा पाय धरून. मी जवळ पोचले तर पहिला प्रश्न काय? "नाडी किती आहे तुझी?"

डाव्या गुडघ्यातली कुर्चा फाटली होती. जो माझ्यासाठी बांधला होता तोच गुडघा. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन करू, मग दोन महिने जिना नाही, प्रवास नाही, घरातल्या घरात काठी घेऊन चाला. दोन महिने म्हणजे फेब्रुवारी संपला. नीलमने आमच्या घराचा ताबा घेतल्यासारखं केलं, रोज एक वेळचं जेवण तिच्याकडून यायचं. भाईसाहबांना आवडते म्हणून सकाळी मक्खन-मलाईचा, म्हणजे दुधाच्या गोड फेसाचा, द्रोणसुद्धा. हणमंत पलंगावर पाय उशीवर ठेवून पडला होता आणि मी त्याला बादली उचलू देत नव्हते, गादी झटकू देत नव्हते. त्याला राग येत होता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू!

पण श्रीलंकेचं काय करायचं ते मी मनात ठरवून टाकलं होतं. एकतीस डिसेंबरला संध्याकाळी मी देवयानीला फोन लावला. स्पीकरवर होता, मी कणीक मळत होते.

"देवयानी, तिकिटं रद्द कर गं. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटला. ज्या बाईच्या हृदयात एक स्टेंट आहे आणि जिचा नवरा साठीला आला आहे, तिने पुढच्या वर्षीवर किती भरवसा ठेवावा? पण गुडघा फाटलेल्या माणसाला घरी टाकून डोंगर बघायला जायचं, हेही माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

"आई, पक्का?" देवयानीचा आवाज पडला. "ठीक है. मैं कर देती हूँ।"

"फोन इकडे आण," पलीकडच्या खोलीतून हणमंत ओरडला.

कणकेच्या हातांनी नेला.

"देवयानी, माझं तिकीट रद्द कर. आईचं ठेव."

फोन बंद झाल्यावर म्हटलं, "अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? दोन वर्षं मला एक पायरी चढू दिली नाही आणि आता परदेशातल्या डोंगरावर एकटी पाठवता?"

तो पायाखालची उशी सारखी करत राहिला.

"स्टेंटच्या दिवशी तुला आत नेलं," तो म्हणाला, "तेव्हा मी बाहेर खुर्चीवर बसलो होतो. एक तास पन्नास मिनिटं. आत येऊ देत नव्हते. मला काही करता येत नव्हतं, वीणा. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं की समोर काहीतरी बिघडलंय आणि मला नुसतं बसायला सांगितलंय. तेव्हाच ठरवलं की ह्यापुढे तू जिथे जाशील तिथे मी बरोबर असणार. पुन्हा बाहेर बसणार नाही."

"मग?"

"मग तू पुलावर गेलीस. मी खाली पडलो होतो, गुडघ्यातून कळ येत होती, आणि धुक्यातून तुझा हसण्याचा आवाज येत होता. दोन वर्षांत तू तशी हसली नव्हतीस. मला वाटत होतं मी तुला जपतोय." त्याने खोकल्याचं निमित्त केलं. "जा तू. मी बसेन."

माझे हात कणकेचे होते म्हणून मी त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. माझं ह्या माणसावर प्रेम आहे, हे मी त्याला तोंडाने कधी सांगितलेलं नाही. आमच्या वेळी तशी पद्धत नव्हती. त्या दिवशीही सांगितलं नाही, पण कणीक मात्र सुकली.

जानेवारीभर मी पूल चढले. हणमंत पहिले पंधरा दिवस पलंगावरून सूचना द्यायचा, मग काठी टेकत, नीलमच्या नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून स्टेशनवर यायला लागला. प्लॅटफॉर्मच्या बाकावर पाय लांब करून बसायचा, मफलर आता गळ्याला. पहिल्या दिवशी मी दोन फेऱ्या केल्या, शेवटच्या आठवड्यात चौदा. धापा टाकत खाली यायचे तेव्हा तो काही विचारायचा नाही. विचारायचं नाही म्हणून ओठ घट्ट मिटून बसायचा. थर्मासमधला चहा ओतून द्यायचा. एकदा नीलमही आली, चार फेऱ्यांत बसली आणि म्हणाली, "भाभी, आप तो पहाड़न हैं!" तेव्हा हणमंतने अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं सांगितलं, "साताऱ्याची आहे ती."

निघायच्या दिवशी तो विमानतळापर्यंत आला. जवळच तर आहे आमच्याकडून. दारावर तिकीट पाहून आत सोडतात, तिथे आम्ही थांबलो. बंगळूरला देवयानी भेटणार होती, काळजीचं कारण नव्हतं, तरी पिशवीत पासपोर्ट आहे का ते मी तिसऱ्यांदा पाहिलं.

"त्या वाटेला किती वेळ लागतो?" त्याने विचारलं.

"चार तास म्हणते देवयानी."

"मग चार तास मला फोन करू नको."

मी पाहतच राहिले. दोन वर्षं दुपारी ऑफिसातून दर तासाला फोन करून 'काय करतेस' विचारणारा हा माणूस.

"मधे थांबून फोन करत बसलीस तर अंग गार पडतं, लय तुटते. आणि मी काहीतरी विचारत बसेन. पूर्ण चालून झाल्यावर कर," तो म्हणाला. "जा, रांग वाढतेय."

हॉर्टन प्लेन्सच्या फाटकावर आम्ही सहाला पोचलो तेव्हा गारठा थेट लखनौचा होता. तिथे प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. पहारेकऱ्याने माझ्या पिशवीतून गूळपोळ्या काढल्या, त्यांच्यावरची पिशवी सोलून घेतली, वास घेतला आणि कागदात बांधून परत दिल्या. एक सांबर निवांत उभं राहून हे सगळं बघत होतं. मग गवत सुरू झालं. गुडघ्याएवढं, दवाने पांढरं पडलेलं, आणि त्यातून वाट. ओढे लागले, ऱ्होडोडेंड्रॉनची लाल फुलं लागली, जंगल लागलं आणि त्यात मुळांच्या पायऱ्या. "आई, धीरे!" देवयानी मागून ओरडत होती. कुणीतरी मला आवरायला हवं होतंच, बापाचं काम लेक करत होती.

आणि मग जमीन संपली. खाली, अगदी खाली, हिरवं दरीतलं गाव, खेळण्यातल्यासारखी घरं, चहाचे मळे, त्यापलीकडे डोंगरांमागे डोंगर, आणि सगळ्यांच्या शेवटी फिकट रेघ, ती समुद्राची असेल किंवा ढगाची. कानात माझंच हृदय वाजत होतं. मी थोडा वेळ त्याच्याकडे लक्ष देऊन उभी राहिले. ते नीट चाललं होतं. मी बरी झाले होते. हे मला कुणी सांगत नव्हतं, माझं मलाच कळत होतं, आणि मी तिथे उभ्या उभ्या रडले.

"आई, बाबा को वीडियो कॉल करें? एक डंडी नेटवर्क है।"

"नाही. चालून झाल्यावर."

"अरे, वो परेशान हो रहे होंगे!"

"होऊ दे," मी म्हणाले. "बसेन म्हणून त्यांनी कबूल केलंय."

परतीचा रस्ता मला जड गेला, हेही सांगते. खाली उतरून पुन्हा वर येणं होतं, धबधब्यापाशी मी दहा मिनिटं बसले, नंतर आणखी दोनदा. ढग वर आले आणि पठार दिसेनासं झालं. देवयानी माझी पिशवी घेऊन पुढे चालत होती. चारचे पावणेपाच तास झाले. शेवटचं अर्धं किलोमीटर मी फक्त पावलं टाकत होते, आणि मनात एकच होतं, पाऊण तास उशीर झाला, तो काय करत असेल.

फाटकाबाहेर आल्याबरोबर दगडावर बसले आणि फोन लावला. एक रिंगसुद्धा पूर्ण झाली नाही.

"झालं?" हणमंत म्हणाला.

"झालं. पूर्ण झालं. मी बरी आहे."

तिकडे काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग नीलमचा आवाज आला, लांबून, "भाईसाहब? भाभी ठीक हैं न? बोलिए न भाईसाहब!" आणि मग हणमंत रडायला लागला. एकतीस वर्षांत मी त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं, माझ्या आजारपणातही नाही, त्याच्या आईच्या वेळीही नाही. लहान मुलासारखा, हुंदके देऊन, श्वास अडकेपर्यंत रडत होता.

"अहो," मी म्हणाले, "रडा. मी आहे. फोन ठेवत नाही."

देवयानी समोर येऊन उभी राहिली, काय झालं म्हणून खुणेने विचारायला लागली. मी तिला हाताने थांबवलं आणि तशीच दगडावर बसून राहिले. बूट चिखलाने भरले होते. त्याचं रडणं थांबेपर्यंत मी फोन कानाला लावून ठेवला.